आयर्नच्या गोळ्या चालू आहेत, मग हिमोग्लोबिन का वाढत नाही?

आयर्नची गोळी लिहून देणारे खूप, पण ती घ्यायची कशी हे नीट सांगणारे फार कमी, आणि याचा मला खरंच राग येतो.

आमच्या वहिनीचंच सांगते. हिमोग्लोबिन ८.४, ठाणे स्टेशनचा जिना चढला की दम लागायचा, ऐरोलीची गाडी समोर उभी असली तरी धावायची ताकद नाही. आणि पर्समध्ये पाटीवरच्या पेन्सिली! ऑफिसात बसून कुटूकुटू खायची. सगळे तिला ओरडायचे, पण माती, खडू, बर्फ असलं काहीतरी खावंसं वाटणं हे बरेचदा लोह कमी झाल्याचं लक्षण असतं, ती काही वाईट सवय नव्हे. तर गोळ्या सुरू झाल्या, वहिनीने रोज न चुकता घेतल्या आणि पुढचा रिपोर्ट जवळपास जैसे थे. मग मी एकदा सकाळी बघितलं, डबे भरून झाले, चहाचा कप हातात, त्याच घोटाबरोबर आयर्नची गोळी आणि पाठोपाठ कॅल्शियमची, दोन्ही एकाच डबीत ठेवलेल्या. तिला बिचारीला कोणी सांगितलंच नव्हतं, चिठ्ठीवर नुसतं "रोज १".

चहा-कॉफीतली टॅनिनसारखी द्रव्यं लोहाला पोटातच धरून ठेवतात, अंगाला लागूच देत नाहीत. कॅल्शियम, दूध, अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या, यांनीही शोषण कमी होतं. म्हणून गोळीच्या आधी-नंतर तास-दोन तास चहा नको, कॅल्शियम दुसऱ्या वेळेला, थायरॉइडची गोळी असेल तर तिच्यात आणि आयर्नमध्ये चार तास तरी ठेवा. शक्यतो रिकाम्या पोटी, लिंबूपाण्याबरोबर घेतली तर उत्तम, पण मळमळत असेल तर थोडं खाऊन घ्या, गोळी बंद करण्यापेक्षा ते केव्हाही बरं.

बंद करण्यावरून आठवलं, शौचाला काळी होते म्हणून घाबरून गोळ्या सोडणाऱ्या कितीतरी बायका मला माहीत आहेत. ते नॉर्मल आहे हो! डांबरासारखी चिकट आणि घाण वासाची झाली तर मात्र लगेच दाखवा. पोट साफ होत नाही हा त्रासही खरा आहे, पण त्यावर उपाय असतो, डॉक्टर गोळी बदलून देतात किंवा एक दिवसाआड घ्यायला सांगतात. एक दिवसाआड म्हणजे अर्धवट उपचार असं समजू नका. लोहाचा मोठा डोस घेतला की लिव्हर हेप्सिडिन नावाचं हार्मोन वाढवतं आणि साधारण दिवसभर पुढच्या लोहाला आत यायला दार बंद करतं, त्यामुळे मध्ये एक दिवस गेला तर प्रत्येक गोळीतलं लोह जास्त शोषलं जातं. स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी बायकांवर हे तपासून दाखवलंय. अर्थात स्वतःच्या मनाने बदल नको, डॉक्टरांना विचारूनच.

आणि बीट! बीट लाल आहे म्हणून रक्त वाढतं हे कोणी काढलं देव जाणे. अळिवाचे लाडू, खजूर, पालेभाज्या जरूर खा, पण ८ पर्यंत खाली गेलेलं हिमोग्लोबिन नुसत्या लाडवांनी भरून येत नाही, तिथे गोळीच लागते. नीट घेतली तर तीन-चार आठवड्यांत फरक दिसायला लागतो आणि इथेच सगळे फसतात, बरं वाटलं की गोळी बंद. हिमोग्लोबिन १२ च्या वर आलं तरी अंगातला साठा रिकामाच असतो, तो भरायला पुढे अजून तीनेक महिने गोळ्या लागतात. तो साठा फेरिटिन टेस्टमध्ये कळतो. तीही करायला सांगा, कारण थॅलेसेमिया मायनर (आई-वडिलांकडून येणारा रक्तातला सौम्य दोष) असेल तर हिमोग्लोबिन कमीच दिसतं पण लोह पुरेसं असू शकतं, अशा माणसाला उगाच आयर्न देत राहण्यात अर्थ नाही.

लोह जातंय कुठे हेही शोधायला हवं. वहिनीच्या पाळीत अंगावरून खूप जायचं, सोनोग्राफीत फायब्रॉइड, म्हणजे गर्भाशयातली गाठ, निघाला, त्याची ट्रीटमेंट आता चालू आहे. पाळी गेलेल्या बाईला किंवा पुरुषाला लोह कमी पडलं तर पोटात कुठे रक्तस्राव होतोय का ते बघावंच लागतं.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायका अ‍ॅनिमिक निघाल्या. म्हणजे आपल्या लेडीज डब्यात अर्ध्याहून जास्त जणी, आणि बहुतेकींना वाटतं की थकवा बाईच्या जातीला असायचाच. गरोदर बायकांना तर सरकारी दवाखान्यात लोह आणि फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या फुकट मिळतात, १८० दिवसांचा कोर्स असतो, त्या आणून नुसत्या कपाटात ठेवू नका.

कपाटावरून एक सांगायचं राहिलं, घरात लहान मूल असेल तर या गोळ्या उंचावर, कुलपात ठेवा. काही गोळ्यांना रंगीत, गोडसर कोटिंग असतं, पोरं चॉकलेट समजून खातात, आणि लहान मुलाच्या पोटात जास्त आयर्न गेलं तर जिवावर बेतू शकतं. गेलंय असं नुसतं वाटलं तरी वाट न बघता थेट हॉस्पिटल गाठा, गोळ्यांचं पाकीट बरोबर घेऊन.