मारुती ८०० : गिअरबॉक्स उतरवून क्लच बदलल्याची नोंद

कात्रजच्या चढावर ॲक्सिलरेटर दाबला की इंजिनाचा आवाज चढे, मात्र वेग होता तेवढाच राही. क्लच घसरतो आहे ही शंका पक्की करण्यासाठी सपाट जागेवर हँडब्रेक ओढून, चौथा गिअर टाकून क्लच सावकाश सोडून पाहिला. धडधाकट क्लच असता तर इंजिन तत्काळ बंद पडले असते. येथे ते गुरगुरत चालूच राहिले आणि करपल्याचा वास आला. ही चाचणी पुनःपुन्हा करू नये, क्लच प्लेटवरचे उरलेसुरले लायनिंग, म्हणजे पकड देणारा थर, तीतच जळते.

या गाडीचा क्लच केबलवर चालतो. प्लेटचे लायनिंग झिजले की तिला दाबून धरणारी प्रेशर प्लेट फ्लायव्हीलच्या, म्हणजे इंजिनाबरोबर फिरणाऱ्या जड चाकाच्या, दिशेने सरकते, तिच्या डायाफ्राम स्प्रिंगच्या पाकळ्या उलट रिलीज बेअरिंगकडे (पेडल दाबल्यावर पाकळ्यांना ढकलणारे बेअरिंग) येतात आणि पेडलचा प्ले, म्हणजे सुरुवातीची मोकळी हालचाल, कमी कमी होत जातो. केबलचा नट वेळोवेळी ढिला केला नाही, तर बेअरिंग पाकळ्यांना कायम रेटून धरते, म्हणजे पाय न लावताही क्लच अर्धवट दाबलेला राहतो आणि घसरतो. म्हणून गिअरबॉक्सला हात लावण्यापूर्वी प्ले तपासावा. काही गाड्यांचे दुखणे तेवढ्यावरच थांबते. माझ्या गाडीत प्ले पुरेसा होता, तेव्हा दोष आतच असणार हे उघड झाले.

बॅटरीची वायर काढली, मागील चाकांना लाकडी ठोकळे लावले आणि पुढचा भाग दोन जॅक स्टँडवर घेतला. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नये, हे जाणत्यांनाही सांगावे लागते. गिअर ऑइल आधी काढून घेतले, कारण चाके फिरवणारे ड्राइव्ह शाफ्ट ओढताच ते त्या भोकांतून जमिनीवर येते. मग स्टार्टर, स्पीडोमीटरची व क्लचची केबल, रिव्हर्स लाइटची वायर आणि गिअर रॉड सोडवले, इंजिनाच्या चेंबरखाली (तळाच्या ऑइलच्या भांड्याखाली) फळी ठेवून जॅकने आधार दिला आणि गिअरबॉक्स इंजिनापासून सरळ बाजूला ओढून उतरवला. हे काम दोघांचे आहे. गिअरबॉक्सचा भार इनपुट शाफ्टवर (गिअरबॉक्समधून निघून क्लच प्लेटमध्ये शिरणाऱ्या दांड्यावर) लोंबकळला, तर क्लच प्लेटचा हब वाकण्याची भीती असते. जुनी प्लेट टाकायचीच असल्याने उतरवताना ते चालून जाते, चढवताना मात्र नाही.

जुन्या प्लेटचे लायनिंग रिव्हेटच्या डोक्यांना येऊन टेकले होते आणि एका बाजूची डोकी घासून नाण्यासारखी चकाकत होती. फ्लायव्हीलवर उष्णतेचे निळसर डाग होते, परंतु नखाला लागेल अशी चरी किंवा तडा नव्हता, म्हणून ते टर्नरकडे न पाठवता पॉलिश पेपरने घासून स्वच्छ केले. आतली काळी भुकटी ओल्या फडक्याने पुसली. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते, तेव्हा ती हवेने उडवणे धोक्याचे. रिलीज बेअरिंग बोटांनी फिरवताना खरखरत होते. ते ठीक असते तरी बदललेच असते, कारण त्या एका भागासाठी एवढी सगळी उतराउतर पुन्हा करणे शहाणपणाचे नाही. क्रँकशाफ्टचे मागील ऑइल सील कोरडे होते.

खरी कसोटी प्लेट मध्यावर बसवण्याची. त्यासाठी पुण्याच्या जुन्या बाजारातून याच गाडीचा एक भंगारातला इनपुट शाफ्ट आणून ठेवला होता. तो प्लेटमधून आरपार घालून प्रेशर प्लेटचे सहा बोल्ट समोरासमोरच्या जोडीने, थोडे थोडे करून आवळले. शाफ्टच्या स्प्लाइनवर (खाचांवर) ग्रीसचा केवळ ओझरता हात दिला, जास्तीचे ग्रीस लायनिंगवर उडते. प्लेट मध्यावर असल्यामुळे गिअरबॉक्स किंचित डावीउजवीकडे हलवताच आत सरकला. तो बसत नसेल तर बोल्टने ओढून घेण्याचा मोह टाळावा, त्याने बेल हाउसिंगचा, म्हणजे क्लचवरच्या गिअरबॉक्सच्या कवचाचा, बोल्टचा कान तुटतो.

नवे गिअर ऑइल भरून आणि प्ले नव्याने लावून गाडी चालवली असता पहिला व रिव्हर्स गिअर आवाज न करता पडतात आणि त्याच चढावर इंजिनाबरोबर वेगही वाढतो. लायनिंग बसेपर्यंत चढावर गाडी क्लचवर तोलून धरणार नाही. उतरवताना गिअरबॉक्सच्या बाजूचे माउंटिंग रबर चिरलेले दिसले होते. ते मागवले असून पुढील काम त्याचे आहे.