मॉडेलरवर टोन बनवताना मी आधी कॅब का निवडतो

मॉडेलर, म्हणजे वेगवेगळ्या गिटार अ‍ॅम्पची नक्कल करणारं यंत्र, घेतला तेव्हा जवळजवळ महिनाभर मी एकच काम करत होतो, अ‍ॅम्प बदलत बसायचो. एवढी मोठी लिस्ट समोर आल्यावर हात थांबतच नाहीत, हा लाव, गेन (आवाज किती फाटवायचा ते) वाढव, मिड (मधले सूर) कमी कर, नाही आवडला, पुढचा लाव, आणि तासाभराने सगळेच सारखे वाटायला लागायचे. सगळ्यांच्या वर तीच एक भुणभुण, डब्यात माशी अडकल्यावर येते ना तशी. मला पक्कं वाटायला लागलं होतं की खऱ्या अ‍ॅम्पची मजा यात नाहीच.

मग एका रात्री अ‍ॅम्प तसाच ठेवला, एकाही नॉबला हात लावला नाही आणि फक्त कॅब, म्हणजे अ‍ॅम्पच्या स्पीकरची पेटी, बदललं. आवाज इतका बदलला की वाटलं हातातली गिटारच दुसरी आहे. भुणभुण गेली, पाम म्यूटला (तळहाताने तार दाबून वाजवतात त्याला) अंग आलं. तेव्हापासून माझी पद्धत उलटी झाली, आधी कॅब, मग गेन, मग राहिलेले नॉब.

हे असं का होतं ते नीट कळलं की बऱ्याच गोष्टी आपोआप सुटतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो. गिटारच्या जाड ई तारेचा मूळ सूर साधारण ८२ हर्ट्झचा, आणि २४ फ्रेटच्या गिटारवर सगळ्यात वरचा सूर १३१९ हर्ट्झच्या आसपास. म्हणजे मूळ सूर तिथेच संपतात, त्याच्या वर जे काही आहे ते हार्मोनिक्स, म्हणजे मूळ सुराच्या पटीतले सूर, आणि डिस्टॉर्शन, म्हणजे मुद्दाम फाटवलेला आवाज, हा तर हार्मोनिक्सचा कारखानाच. ते थेट ऐकले तर कान फाटतील. मॉडेलरमध्ये कॅबचा ब्लॉक बंद करून एकदा ऐकाच, हेडफोनचा आवाज आधी कमी करा मात्र. ते सगळं गाळून घेतो तो १२ इंची स्पीकर. हा गाणी ऐकायचा स्पीकर नव्हे, याला २ ते ४ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात उठाव असतो आणि ५ किलोहर्ट्झच्या पुढे तो झपाट्याने खाली येतो. आपण ज्याला इलेक्ट्रिक गिटारचा आवाज म्हणतो त्यातला निम्म्याहून जास्त भाग हा स्पीकर घडवतो असं माझं ठाम मत आहे.

आणि इथे अजून एक गोष्ट, जी मला फार उशिरा लक्षात आली. मॉडेलरमध्ये ‘कॅब’ म्हणून जे असतं ते नुसतं कॅब नसतं. आयआर, म्हणजे इम्पल्स रिस्पॉन्स, ही एक चिमुकली ऑडिओ फाईल असते, २०४८ सॅम्पलचा आयआर ४८ किलोहर्ट्झवर जेमतेम ४३ मिलिसेकंदांचा. पण तेवढ्यात स्पीकर, लाकडाची पेटी, पुढे ठेवलेला माईक, माईकची जागा, सगळं आलेलं असतं. खोलीत अ‍ॅम्पसमोर उभं राहून आपण तो दोन-तीन मीटरवरून ऐकतो, कॅब गुडघ्याच्या उंचीला, आवाज भिंतींवर आपटून येणारा. माईक मात्र स्पीकरच्या जाळीला चिकटून ऐकतो. म्हणजे मॉडेलरमधून आपल्याला अ‍ॅम्प ऐकू येत नाही, रेकॉर्ड केलेला अ‍ॅम्प ऐकू येतो. एकदा हे मान्य केलं की ‘खोलीतल्या अ‍ॅम्पसारखा का वाटत नाही’ ही तक्रारच राहत नाही, आणि आपण रेकॉर्डिंग करणाऱ्या माणसासारखा विचार करायला लागतो, की माईक कुठे ठेवू.

माझी सुरुवात ठरलेली असते. सेलेस्टियन व्हिंटेज ३० स्पीकरचं ४ बाय १२ कॅब (१२ इंची चार स्पीकरचं) आणि त्यावर शुअरचा एसएम५७ माईक, जो १९६५ पासून आहे आणि आपण ऐकलेल्या असंख्य रेकॉर्डमधल्या गिटारसमोर हाच माईक होता. व्हिंटेज ३० चे मिड पुढे येतात, कधीकधी टोचतात, तसं झालं तर सेलेस्टियनचाच ग्रीनबॅक स्पीकर लावून बघतो, तो मऊ आहे, थोडा खरबरीत. मग माईक सरकवायचा. स्पीकरच्या कोनच्या (शंकूच्या) मधोमध आवाज एकदम चकचकीत, कडेकडे जाऊ तसा गडद. अर्धा इंच सरकवला तरी फरक कळतो, आणि माझ्या अनुभवात ट्रेबलच्या नॉबपेक्षा हा अर्धा इंच कितीतरी चांगलं काम करतो. आवाज टोचतोय म्हणून ट्रेबल, प्रेझेन्स सगळं ओढून खाली आणलं की टोन मरतो, माईक जरा बाहेर सरकवला की तोच टोन बसतो.

दोन माईक मिसळायचे असतील, समजा ५७ सोबत एखादा रिबन माईक, तर दोघांचं अंतर सारखं आहे का ते आधी बघा. आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटीमीटर जातो, म्हणजे एक माईक फक्त ३.४ सेंटीमीटर मागे असला तर ०.१ मिलिसेकंदाचा फरक पडतो आणि ५ किलोहर्ट्झच्या आसपास दोघं एकमेकांना खाऊन टाकतात. टोन पोकळ का झाला म्हणून मी एक अख्खी संध्याकाळ इक्यूशी (ठरावीक पट्ट्यातले सूर कमी-जास्त करणाऱ्या ब्लॉकशी) झटापट केली होती, आणि कारण निघालं हे.

(मॉडेलरमधून खऱ्या गिटार कॅबमध्ये जात असाल तर आतलं कॅब बंद करायचं हे विसरू नका, नाहीतर स्पीकरवर स्पीकर बसतो आणि गोधडीखालून आल्यासारखा आवाज येतो.)

आता गेन. इथे आधी गिटार कशात लावलीये ते बघा. पॅसिव्ह (बॅटरी नसलेल्या) पिकअपला साधारण १ मेगाओहमचा इनपुट लागतो, ट्यूब अ‍ॅम्पमध्ये तेवढाच असतो. ऑडिओ इंटरफेसवर (गिटार कॉम्प्युटरला जोडणाऱ्या डब्यावर) वाजवणाऱ्या एका मित्राचा टोन महिनोन्महिने मुका यायचा, प्लगइनवर प्लगइन बदलून झाले, शेवटी बघितलं तर गिटार लाईन इनपुटला लागलेली. इन्स्ट्रुमेंटचं बटण दाबलं आणि वरचा सगळा उजेड परत आला.

गेन किती हे मी असं ठरवतो: मला हवा तेवढा लावतो आणि मग त्यातून बऱ्यापैकी कमी करतो. एकट्याने वाजवताना जास्त गेन भरलेला वाटतो, सस्टेन मिळतो, चुका झाकल्या जातात, पण डावी-उजवीकडे दोनदा रेकॉर्ड केलं की तोच गेन चिखल होतो. मेटलच्या टोनला गेन वाढवण्यापेक्षा अ‍ॅम्पच्या आधी ट्यूब स्क्रीमर हे ओव्हरड्राइव्ह पेडल लावा, ड्राइव्ह शून्यावर, लेव्हल पूर्ण. ते पेडल तिथे डिस्टॉर्शनसाठी नसतंच. ते खालचा बेस छाटतं आणि ७२० हर्ट्झच्या आसपास मिड उचलतं, म्हणून अ‍ॅम्पला घट्ट सिग्नल मिळतो. डिस्टॉर्शनच्या आधी कापलेला बेस आणि नंतर कापलेला बेस या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत, आधी कापला तर डिस्टॉर्शन होण्याची पद्धतच बदलते, नंतर कापला तर झालेल्या डिस्टॉर्शनचा फक्त रंग बदलतो. फर्र असा फुटणारा लो एंड नंतरच्या इक्यूने कधीच नीट होत नाही, मी खूप प्रयत्न केलेत.

याच कारणाने मार्शल आणि फेंडर अ‍ॅम्पचे नॉब सारखे वागत नाहीत. मार्शलमध्ये टोन स्टॅक (बेस, मिड, ट्रेबलच्या नॉबचं सर्किट) गेनच्या टप्प्यांनंतर येतो, ब्लॅकफेस (काळ्या पॅनेलच्या) फेंडरमध्ये पहिल्याच टप्प्यानंतर, म्हणजे तिथला बेस पुढे जाऊन सगळ्यांना ढकलतो. फेंडरच्या मॉडेलवर ड्राइव्ह हवा असेल तर बेस २-३ वर आणा, लगेच कळेल. आणि सगळे नॉब ५ वर म्हणजे फ्लॅट हा समज सोडून द्या, हे पॅसिव्ह सर्किट आहे, एक फिरवला की बाकीचेही हलतात.

रिव्हर्ब-डिलेबद्दल फार लिहीत नाही. हेडफोनवर थोडा रूम रिव्हर्ब ठेवा, कारण जवळच्या माईकमध्ये खोली नसतेच आणि कानाला ते कोरडं लागतं. बँडसोबत असाल तर काढून टाका, तिथे खोली आहेच.

सगळ्यात जास्त मला दुखावलेली गोष्ट मात्र व्हॉल्यूमची. रात्री हळू आवाजात बनवलेला एक प्रिसेट (साठवून ठेवलेला टोन) मला इतका आवडला होता की तो घेऊन थेट रिहर्सलला गेलो. ड्रम्स सुरू झाले आणि माझी गिटार गायब. आवाज वाढवला तर वरून कान टोचतायत, खालून बास गिटारवर बसतेय, आणि मधे जिथे गिटार हवी तिथे काहीच नाही. फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ मध्येच हे मोजून ठेवलंय, हळू आवाजात आपल्या कानाला खालचे आणि अगदी वरचे सूर कमी ऐकू येतात. म्हणून हळू आवाजात आपण नकळत बेस आणि ट्रेबल चढवतो आणि मिड खणतो, आणि मोठ्या आवाजात तीच भरपाई अंगावर येते. त्या दिवशी मी जागेवरच मिड ३ वरून ६ वर नेला, ९० हर्ट्झच्या खालचं आणि ७ किलोहर्ट्झच्या वरचं कापलं, आणि गिटार परत आली. घरी येऊन एकट्याने तोच प्रिसेट ऐकला तर नाकातून आल्यासारखा, पण बँडमध्ये तोच बरोबर होता.

आता शेवटची पारख मी ज्या आवाजात समोरच्याशी थोडं मोठ्याने बोलावं लागतं त्या आवाजातच करतो, तीही मागे ड्रम आणि बासचा ट्रॅक लावून. आणि दोन प्रिसेटची तुलना करायच्या आधी दोघांची लेव्हल सारखी करतो, कारण जो किंचित मोठा तोच दर वेळी चांगला वाटतो, कानाला ते टाळता येत नाही.

सध्या एका प्लेक्सीवर (मार्शलच्या एका जुन्या अ‍ॅम्पच्या मॉडेलवर) काम चाललंय. ग्रीनबॅक, ५७ कोनच्या मध्यापासून दीड इंच बाहेर, गेन ६, आणि गिटारचा व्हॉल्यूम ७ वर आणला की बऱ्यापैकी क्लीन होतोय. मिड अजून ५ वरच आहे, रविवारी ड्रमरसोबत वाजवलं की वर न्यावा लागेल असं वाटतंय.