खुर्चीत बसण्याआधी विचारायचे पाच प्रश्न

'भीती वाटते का हो?' असं दातांच्या डॉक्टरांनी खुर्चीशेजारी उभं राहून विचारलं, की बहुतेक मोठी माणसं 'नाही' म्हणतात. सोबत बायको किंवा मुलगा असेल तर नक्कीच. म्हणून प्रौढ पेशंटची भीती तोंडी विचारण्यापेक्षा कागदावर विचारावी, आणि तीही बाहेरच्या खोलीत.

त्यासाठी सगळ्यात सोयीची प्रश्नावली म्हणजे एमडीएएस (मॉडिफाइड डेंटल अँग्झायटी स्केल), म्हणजे दातांच्या उपचारांची भीती मोजणारी पाच प्रश्नांची यादी. कोरा यांनी १९६९मध्ये चार प्रश्नांची प्रश्नावली केली होती, पण तिच्यात इंजेक्शनचा प्रश्नच नव्हता! १९९५मध्ये हम्फ्रिस आणि सहकाऱ्यांनी तो घातला आणि सगळ्या प्रश्नांना उत्तरांचे एकसारखे पर्याय दिले. प्रश्न असे: उद्या दातांच्या डॉक्टरांकडे जायचं असेल तर कसं वाटेल? बाहेर नंबर येण्याची वाट पाहताना? दात मशीनने कोरायची वेळ येईल तेव्हा? दात साफ करून घेताना? वरच्या मागच्या दाढेजवळ हिरडीत भुलीचं इंजेक्शन घेताना? 'अजिबात भीती नाही' याला १ गुण, 'अतिशय भीती' याला ५. बेरीज ५ ते २५च्या दरम्यान येते. १९ किंवा जास्त आली, तर भीती तीव्र समजायची.

भरायला दोन-तीन मिनिटं पुरतात. वाचता येत नसेल तर रिसेप्शनवरच्या व्यक्तीने प्रश्न वाचून दाखवावेत, डॉक्टरांनी नव्हे. समोर डॉक्टर असले की उत्तरं सौम्य होतात. नातेवाइकाला तर भरूच देऊ नये. विचारल्याने भीती वाढेल, ही शंका मनातून काढून टाका. या प्रश्नावलीवर झालेल्या अभ्यासांत तसं आढळलेलं नाही.

खरी चूक पुढे होते. बेरीज १३ आली, १९च्या खाली आहे, म्हणून कागद फाइलला लागतो. पण २, २, २, २, ५ यांची बेरीज १३ आणि ३, ३, ३, २, २ यांचीही १३च. पहिल्या पेशंटला फक्त सुईची धास्ती आहे. त्याला आधी हिरडी बधिर करणारा स्प्रे किंवा जेल लावून मिनिट-दोन मिनिटं थांबा, मिनिटाला साधारण एक मिली या वेगाने औषध सोडा, आणि भुलीच्या औषधातल्या अॅड्रिनॅलिनमुळे थोडा वेळ छाती धडधडेल हे आधीच सांगा. हे न सांगितल्यामुळे 'मला भुलीची अॅलर्जी आहे' अशी समजूत घेऊन आयुष्यभर फिरणारी माणसं आहेत. दुसऱ्याच्या मनात भीती थोडीथोडी सगळीकडेच आहे. बेरजेआधी एकेक उत्तर वाचा, असा आमचा आग्रह त्यासाठीच.

पहिल्या दोन प्रश्नांना ४-५ असतील तर वाट पाहणंच माणसाला छळतं. त्याला सकाळचा पहिला नंबर द्या. तिसऱ्याला जास्त असतील तर डावा हात वर केला की मशीन थांबेल असं ठरवा, आणि पहिल्यांदा हात वर होताच खरोखर थांबा. तिथे एकदा दुर्लक्ष झालं, की विश्वास परत मिळवणं फार कठीण.

ही प्रश्नावली एकंदर स्वभावातली भीती मोजते, या क्षणाची नाही. आत्ता कसं वाटतंय यासाठी १०० मिलिमीटरची रेघ काढून (एका टोकाला 'भीती नाही', दुसऱ्या टोकाला 'अतिशय भीती') तिच्यावर खूण करायला सांगावी. नाडीवर फार विसंबू नका. जिना चढून आल्यावर ती वाढलेली असते, आणि रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर (हृदयाचे ठोके मंद करणारं औषध) घेणाऱ्याची घाबरल्यावरही फारशी वाढत नाही. त्यापेक्षा हात बघा: खुर्चीचा दांडा घट्ट आवळलेला, श्वास रोखलेला, दर मिनिटाला चूळ भरायची विनंती.

बेरीज १९ किंवा जास्त असेल तर पहिल्या भेटीत फक्त तपासणी आणि बोलणं. गरज पडल्यास शामक औषध किंवा मानसोपचार यांचा विचार पुढे करता येतो. चेहऱ्यावर सूज आणि ताप असेल, तोंड उघडत नसेल किंवा गिळताना त्रास होत असेल, तर मात्र प्रश्नावली बाजूला ठेवून आधी त्यावर उपचार.