आधी कळसूबाई, मग वाइन

डोंगर आणि वाइन एकाच ट्रिपमध्ये करायचं असेल तर पहिल्या दिवशी डोंगर आणि वाइन दुसऱ्या दिवशी, हे मी आता विचारेल तिला ठामपणे सांगते. बरेच पॅकेजवाले सकाळी ट्रेक आणि संध्याकाळी टेस्टिंग, म्हणजे वाइन चाखणं, असं एकाच दिवसात बसवतात, मला ते अजिबात पटत नाही. डोंगर उतरून आलेल्या बाईला आधी पाणी हवं असतं, गरम जेवण हवं असतं आणि मग पाय पसरून पडायचं असतं. अंगातलं पाणी कमी झालेलं असताना वाइन घेतली की डोकं धरणारच, आणि वास-चव ओळखायला जो निवांतपणा लागतो तो त्या वेळी कुठून आणायचा?

आम्ही नागपूरच्या सात-आठ जणी, पस्तीसपासून साठीपर्यंतच्या. ओळख अंबाझरीला सकाळी फिरताना झालेली. कुणी शाळेत शिकवते, कुणी बँकेत आहे, एक काटोलकडची, माहेरी संत्र्याचा बगीचा असलेली, माझी नणंद आणि तिच्या बिल्डिंगमधल्या एक काकू, ज्या वाइनच काय, चहासुद्धा घेत नाहीत. काकूंना घरच्यांनी विचारलं की तुम्ही तिथं जाऊन करणार काय, तर त्या म्हणाल्या मी डोंगर चढणार आणि दुसऱ्या दिवशी बगीचा पाहणार, बस.

आमचं नागपूर सपाट, चढ म्हणून काय तर सेमिनरी हिल्स, त्यामुळे तयारीसाठी आम्ही रामटेकच्या गडाच्या पायऱ्या धरल्या, पाठीवर भरलेल्या बाटल्या घेऊन वर-खाली. उतरायची सवय जास्त करा असं मी सांगीन कारण चढताना दम लागतो पण गुडघे धरतात ते उतरतानाच.

महिना जानेवारीचा शेवट ठरवला, त्यालाही कारण आहे. पावसाळ्यात कळसूबाईला तुफान गर्दी असते आणि शिड्या निसरड्या होतात, एप्रिल-मेमध्ये त्या उघड्या धारेवर सावली नाही, आणि जानेवारी ते मार्च नाशिककडे वाइनच्या द्राक्षांची तोडणी चालते, म्हणजे बाग भरलेली बघायला मिळते. आता समृद्धीवरून थेट इगतपुरीपर्यंत गाडीनं जाता येतं पण आम्ही सेवाग्राम एक्सप्रेसच घेतली, रात्री बसलं की सकाळी नाशिकरोड आणि पुढे इगतपुरी. गाडी सुटल्या सुटल्या डब्यात सांबारवड्या निघाल्या आणि ज्या जणी एकमेकींना फक्त ट्रॅक सूटमध्ये ओळखत होत्या त्या मध्यरात्रीपर्यंत गप्पा करत बसल्या. पोचलो तो दिवस मुद्दाम आरामाचा ठेवला.

कळसूबाई म्हणजे 1646 मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, अकोले तालुक्यात, चढायचं बारी गावातून. पहाटे ज्यांच्या अंगणात थांबलो त्या घरातल्या मावशींनी कळसूची गोष्ट सांगितली. कळसू ही कोळ्याची पोर, पाटलाकडे कामाला राहिली ती अट घालूनच, केर काढणार नाही आणि भांडी घासणार नाही, बाकी सांगाल ते काम करीन. एक दिवस पाहुणे आले आणि तिच्याकडून तीच कामं करून घेतली, मग ती निघाली आणि डोंगरावर जाऊन राहिली ती कायमची, आज तिथं तिचं देऊळ आहे. हे ऐकून आम्ही सगळ्या गप्प झालो. घरातून निघताना प्रत्येकीनं भाजी चिरून, डबे लावून, कणीक मळून फ्रीजमध्ये ठेवलेली होती, आणि इथं एक मुलगी शब्द मोडला म्हणून सरळ निघून गेली आणि लोकांनी तिची देवी केली. मला ही गोष्ट फार फार आवडली.

चढताना आमचा एकच नियम, सगळ्यात हळू चालणारी सगळ्यात पुढे. मागे ठेवलं की ती सारखी धापा टाकत गाठायला बघते आणि आपण थांबलेलो असतो ते ती पोचल्या पोचल्या परत निघतो, तिला आराम मिळतच नाही. काकू पुढे होत्या आणि त्यांच्या चालीनं कुणालाच धाप लागली नाही. शिड्यांपाशी मात्र बँकेतली मैत्रीण थांबली. लोखंडी शिडी, थंडीनं गार पडलेली, एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला नुसती हवा, तिचे हात दांड्याला असे घट्ट की बोटांची पेरं पांढरी पडली होती. काटोलवाली तिच्या मागच्या पायरीवर उभी राहून म्हणाली, "खाली पाहू नको बाई, समोरच्या पायरीवरचा गंज पाह्य, मी हाये नं मागं." एकेक पायरी, एकेक गंज, अशी ती वर गेली. शेवटच्या टप्प्यावर साखळी धरून माथ्यावर पोचलो, छोटंसं देऊळ, समोर अलंग-मदन-कुलंग हे किल्ले ओळीनं उभे आणि एका बाजूला भंडारदऱ्याचं पाणी. तिनंच सगळ्यांना देवीचं कुंकू लावलं. खाली आल्यावर पिठलं-भाकरी आणि ठेचा, आणि मग झोप.

दुसऱ्या दिवशी इगतपुरी-घोटीकडच्या एका छोट्या वायनरीत. नाशिकची वाइन म्हटलं की गंगापूर धरणाजवळची सुला सगळ्यांना माहीत आहे, राजीव सामंतांनी नव्वदच्या दशकात सुरुवात केली, आणि 2001 मध्ये राज्य सरकारनं द्राक्ष प्रक्रियेचं वेगळं धोरण आणल्यावर बाकीच्या वायनऱ्या भराभर वाढल्या. पण पहिल्यांदा जाणाऱ्यांनी लहान ठिकाणी जावं असं मला वाटतं, तिथं माणूस तुमच्याशी बोलतो.

आमच्याशी जो बोलला त्याला काटोलवालीनं सोडलंच नाही. छाटणी कधी, खुंट, म्हणजे ज्या मुळावर कलम बांधतात तो, कोणता, ताण देता का? तो सांगत गेला की इथं थंडीत वेल युरोपासारखी झोपी जात नाही म्हणून वर्षात दोन छाटण्या कराव्या लागतात, एप्रिलमध्ये खरड छाटणी, तेव्हा फक्त काडी तयार होते, आणि पावसाळा सरता सरता फळछाटणी, तिच्यावर द्राक्ष धरतं. खुंट डॉगरिज. ती म्हणाली आमच्याकडे संत्र्याचा डोळा जंबेरीवर बांधतात आणि आंबिया बहारासाठी, म्हणजे थंडी सरताना येणाऱ्या फुलांसाठी, झाडाला पाणी तोडून ताण देतात, मग दोघं अर्धा तास उन्हात उभे राहून खुंट आणि मुळांवर बोलत होते आणि आम्ही ऐकत होतो. मला तर टेस्टिंगपेक्षा हाच भाग जास्त मोलाचा वाटतो. आपल्याकडे वाइन म्हणजे पार्टी एवढंच डोक्यात असतं, पण ती आधी शेती आहे, तिला गारपीट लागते, भुरी रोग लागतो, भाव लागतो, आणि विदर्भातल्या बाईला हे कुणी समजावून सांगायची गरज नाही.

शिराझ, म्हणजे रेड वाइनच्या द्राक्षाचा, एक घड त्यानं तोडून दिला. खायच्या द्राक्षापेक्षा मणी बारीक, साल जाड, आत बिया, गोडी जबरदस्त. साल नीट चावा म्हणाला आणि चावली तर सगळं तोंड तुरट. मग आत टेबलावर शिराझचा घोट घेतला तेव्हा तोच तुरटपणा जिभेच्या कडांना लागला, आणि लक्षात आलं की रंग आणि तुरटपणा दोन्ही सालीतून येतात, म्हणून रेड सालीसकट आंबवतात आणि व्हाइटचा रस आधीच गाळून घेतात. टेस्टिंगमध्ये आधी व्हाइट, मग गुलाबी रोझे, मग रेड असं हलक्याकडून जडाकडे जायचं. ग्लास देठाला धरायचा, फिरवायचा, नाक आत घालायचं, आणि गिळायचंच असं काही नाही, तोंडात घोळवून भांड्यात टाकून दिलं तरी चालतं.

काकूंनी घोटही घेतला नाही, फक्त वास घेतला. सोविन्याँ ब्लाँ या व्हाइट वाइनचा ग्लास नाकाशी धरून त्या थोडा वेळ थांबल्या आणि म्हणाल्या, "कच्चा पेरू. आणि थोडी हिरवी ढोबळी मिरची." समजावणारा माणूस खुर्चीतून उठला, म्हणाला आम्ही नवीन पोरांना हेच शिकवतो. मसाले कुटून, लोणची घालून घडलेलं ते नाक, त्याला काय लागतं! त्यानंतर प्रत्येक ग्लास आधी काकूंकडे जायचा.

कामाचं थोडं. वाइनसाठी वय 21 पूर्ण लागतं, ओळखपत्र ठेवा. शनिवार-रविवार टाळा. ड्रायव्हर बाहेरचा ठरवा, आपल्यातल्या कुणालाही परत गाडी चालवायला लावू नका. रिकाम्या पोटी टेस्टिंग नको. बाटल्या घेऊन येऊ नका, परतीच्या वाटेवर वर्धा लागतं आणि त्या जिल्ह्यात दारूबंदी आहे, आम्ही मनुके आणि द्राक्षं आणली. पाळीच्या तारखा ठरवतानाच मोकळेपणानं बोलून घ्या, डोंगरावर बाथरूम नाही, बारी गावातल्या घरी सोय होते.

पुढच्या जानेवारीत नाशिककडचा हरिहर गड करायचं चाललंय, दगडात खोदलेल्या त्या उभ्या पायऱ्या. यायचं असेल तर जागा आहेत, फक्त दिवाळीनंतर रामटेकला यायला लागा, काकू तिथं सकाळी सगळ्यांच्या आधी पोचलेल्या असतात.