पॉझिटिव्ह म्हणजे सापडलं

तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात मी लॅब टेक्निशियन आहे. त्या सकाळी सूक्ष्मदर्शकाखाली एका आजोबांच्या बेडक्याची स्लाइड होती. निळ्या रंगावर बारीक लाल काड्या, म्हणजे टीबीचे जंतू. एकेका फील्डमध्ये, म्हणजे भिंगातून एका वेळी दिसणाऱ्या गोलात, दहाच्या वर. म्हणजे ३ प्लस, मोजणीतली सगळ्यात वरची पायरी.

"आबा, रिपोर्ट पॉझिटिव्ह आलाय. आत मॅडमना दाखवा," एवढं बोलून मी पुढची डबी उचलली. त्यांनी हात जोडले आणि गेले.

दुपारी त्यांच्या वाडीवरच्या आशाताईंचा फोन. "दादा, आबा म्हणतायत रिपोर्ट चांगला आला, आता गोळ्या कशाला?" आबा मॅडमकडे गेलेच नव्हते. लहान नात त्यांच्याच कुशीत झोपते, हेही ताईंकडूनच कळलं. माझ्या पोटात गोळा आला.

ड्युटी संपल्यावर गाडी थेट वाडीवर नेली. ओट्यावर बसून सगळं सांगितलं. छातीत टीबीचे जंतू आहेत, निदान सहा महिने गोळ्या घ्यायच्या, त्या आपल्याकडे फुकट मिळतात, नातीलाही तपासायला आणा. आबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "नातू रोज म्हणतो, आबा, पॉझिटिव्ह राहा. मला वाटलं, देव पावला."

रात्री झोप येईना. शब्दकोश काढला. लॅटिनमध्ये 'पोनेरे' म्हणजे ठेवणे. त्यातून आलेला हा शब्द इंग्रजीत आधी कायद्याच्या भाषेत वावरला: माणसांनी घालून दिलेला कायदा तो पॉझिटिव्ह. पुढे ठाम, निश्चित असा अर्थ झाला. बँकेतलं डिपॉझिटही याच मुळाचं, आणि आपण त्याला ठेवच म्हणतो! लॅबमध्ये अर्थ एवढाच, की जे शोधत होतो ते सापडलं. उमेदीचा अर्थ फार नंतरचा, पण घराघरांत पोचला तो तोच. रक्तगट निगेटिव्ह म्हटल्यावर रडवेल्या झालेल्या गरोदर बायका मी पाहिल्यात. तिथे अर्थ एवढाच, की रक्तात आरएच नावाचा एक घटक नाही.

दुसऱ्या दिवसापासून रिपोर्ट देताना तो शब्द मी तोंडाने उच्चारत नाही. छापील कागदाखाली पेनाने लिहितो, 'जंतू सापडले' किंवा 'सापडले नाहीत', आणि वाचूनही दाखवतो. पुढची डबी त्यानंतरच.

दोन महिन्यांनी आबा पुन्हा डबी घेऊन आले. खिडकीशीच उभे राहिले. शंभर फील्ड पाहून होईपर्यंत हलले नाहीत.

"सापडले का?"

"नाही सापडले, आबा. पण गोळ्या सोडायच्या नाहीत."