एचडीएफएस क्लस्टर: फोल्डरच्या परमिशनचं काम कुठवर आलं

एचडीएफएसवरचा (हडूपची, अनेक मशीनवर पसरलेली फाइल-साठवण) सामायिक फोल्डर आता हवा तसा वागायला लागलाय. मागणी साधी होती: एका ग्रुपने त्यात लिहायचं, दुसऱ्याने फक्त वाचायचं, बाकीच्यांना आत शिरता येऊ नये. नेहमीच्या परमिशनच्या मालक, ग्रुप आणि इतर या तीन कप्प्यांत दोन ग्रुप बसत नाहीत, त्यामुळे एसीएल (कोणाला काय करता येईल याची जादा यादी) आलीच. हडूप ३.३ पासून ती मुळातच चालू असते. जुन्या आवृत्तीत नेमनोडच्या (फाइलींची नावं आणि परमिशन सांभाळणारा मुख्य सर्व्हर) सेटिंगमध्ये जाऊन चालू करावी लागते.

खरी मेख डीफॉल्ट एसीएलमध्ये आहे. ती ज्या फोल्डरवर लावतो, त्याच्या स्वतःच्या प्रवेशाशी तिचा काही संबंध नसतो. तिथे नव्याने तयार होणाऱ्या फाइली आणि उपफोल्डर तिची प्रत घेतात, तीही तयार होतानाच. नंतर वरती काहीही बदला, आधीच्या फाइली जुन्याच नियमाने चालतात. म्हणून मी डेटा भरायच्या आधीच एसीएल लावून घेतली.

दुसरं, मास्क, म्हणजे एसीएलमधल्या ग्रुपना जास्तीत जास्त किती परमिशन मिळेल याची मर्यादा. एसीएल लावल्यावर सीएचमॉड (परमिशन बदलायची कमांड) ७५० दिलं, की मधला ५, म्हणजे लिहिण्याशिवायची परमिशन, ग्रुपला न जाता मास्कला जातो. लिहिणाऱ्या ग्रुपच्या नावापुढे आरडब्ल्यूएक्स (वाचणं, लिहिणं, आत शिरणं) तसंच दिसतं, पण लिहिता येत नाही. एसीएल दाखवणारी गेटएफएसीएल कमांड चालवली तर त्याच ओळीपुढे ‘इफेक्टिव्ह’ म्हणून खरी परमिशन दिसते. एलएसमध्ये (फाइलींची यादी दाखवणारी कमांड) परमिशनच्या शेवटी एसीएलची खूण असलेलं अधिकचं चिन्ह दिसलं, की मी आता सीएचमॉडला हातच लावत नाही.

फोल्डरवर स्टिकी बिट नावाची खूणही लावलीय, नाहीतर लिहू शकणारा कोणीही दुसऱ्याची फाइल उडवू शकतो.

कोण कोणत्या ग्रुपमध्ये आहे ही यादी नेमनोड स्वतःकडची बघतो, क्लायंट मशीनवरची नाही. शिवाय ती ३०० सेकंद कॅशमध्ये राहते, म्हणून ग्रुपमधला बदल लगेच लागू होत नाही. थांबायचं नसेल तर डीएफएसअॅडमिन या व्यवस्थापनाच्या कमांडमधून ग्रुप मॅपिंग (ही यादी) रिफ्रेश करायचं.

एवढं करूनही हे कुलूप प्रामाणिक माणसापुरतंच आहे. कर्बेरॉस (ओळख पटवणारी यंत्रणा) नसेल तर क्लायंट जे नाव सांगेल ते नेमनोड खरं मानतो; हडूप-यूझर-नेम या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये सुपरयूझरचं (ज्याला परमिशन तपासणी लागू नाही) नाव टाकलं, की सगळे नियम बाजूला. तेव्हा पुढचं काम तेच: केडीसी (कर्बेरॉसचा सर्व्हर) वेगळ्या व्हीएमवर (व्हर्च्युअल मशीन), आणि त्याआधी सगळ्या नोडची घड्याळं जुळवणं. पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक कर्बेरॉस सहसा चालवून घेत नाही.