सायकलपण आवडते, गाडीपण

आज पहाटे यवतेश्वरचा घाट सायकलवर चढलो. सगळ्यात हलक्या गिअरवर, दम खात. वळणावर थांबलो तर खाली अख्खा सातारा आणि समोर अजिंक्यतारा! तेवढ्यात ओळखीच्या काकांनी विचारलं, "गाडी विकली काय रं?"

संध्याकाळी त्याच घाटानं आईला कासला नेलं, कारनं. तिचे गुडघे दुखतात. तर सायकलवाला मित्र म्हणाला, "तू पण डिझेल जाळतोस होय?"

दोन्ही बोलणी लागली मनाला. उतारावर दुसरा गिअर टाकला की इंजिनच गाडी धरून ठेवतं, सारखा ब्रेक दाबावा लागत नाही. ते जाणवत चालवायला मला फार आवडतं. आणि ओल्या मातीचा वास सायकलवरच भरभरून मिळतो.

उद्या पहाटे साडेपाचला परत निघतोय. येतंय का कुणी?